पिवळ्या फळाचा वास

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार

लुआनं आज पुन्हा स्वतःचं डोकं चालवलं. मी विंगेतून "परक्या बाईला" असा शब्द दिला, ती "अनोळखी बाईला" म्हणाली. तालीम तिथंच थांबवली.

"अर्थ तोच ना, आत्या?" — म्हणे!

अर्थ बघायला लेखक होता, तो जाऊन वीस वर्षं झाली. शब्द बघायला मी आहे. सगळ्यांसमोर सुनावलं — विंगेतून जे येईल ते बोलायचं. मी आग म्हटलं तर आग, पाणी म्हटलं तर पाणी. विचार घरी जाऊन करायचा. मान खाली घालून "हो आत्या" म्हणाली.

चिन त्याची गिटार जुळवत बसला होता. तारांवरून डोळे न उचलता म्हणतो, "पोरी, साउताई 'उडी मार' म्हणाल्या तर आधी नदीला पाणी किती ते बघ हो." सगळी कंपनी हसली. मी नाही हसले. तालमीत एकानं तरी न हसणारं असावं लागतं.

३० तारखेला आईचा सण. दुपारी चारचा खेळ, आमच्याच नाट्यगृहात. नाटक जुनंच — धोबिणीचा मुलगा मोठा अंमलदार होतो आणि आईला ओळख देत नाही. लुआ त्याची बायको. दुसऱ्या अंकात ती म्हणते, "या बाईला मी ओळखत नाही." चौथ्या अंकात त्याच जागी उभी राहून म्हणते, "आई." या दोन वाक्यांवर सगळं नाटक उभं आहे. बाकी गाणी.

२४ ऑगस्ट, गुरुवार

विंगेतला दिवा बदलून घेतला. ताम स्वतः शिडीवर चढला. साठीचा कंपनीचा मालक, रंगमंचावर पंचविशीचा मुलगा होतो, पण शिडीवर त्याचे गुडघे बोलतात. "आता लख्ख दिसतंय ना, साउताई?"

दिसतंय म्हटलं.

नवा दिवाही मिणमिणताच. दूध सांडल्यासारखा उजेड.

२७ ऑगस्ट, रविवार

लुआ सकाळी माझ्यासाठी हू तियूचा डबा घेऊन आली. तांदळाच्या शेवया वेगळ्या, रस्सा वेगळा — शहाणी आहे, एकत्र केला की लगदा होतो. मी म्हटलं, "लाच देतेस?" म्हणाली, "नाही आत्या, उरलं होतं." सकाळी सात वाजता कोणाकडे हू तियू उरतं!

तासभर वाचून घेतलं. सहावीत शाळा सुटलेली. बोट फिरवत वाचते, ओठ हलवत. तेवीस वर्षांची मुलगी! पण एकदा वाचलं की विसरत नाही. आणि गाताना — लांब ओळ एका श्वासात खेचून शेवटच्या स्वरावर अशी उतरते की मागच्या रांगेतले लोकही टाळीला हात वर घेऊन तयार बसतात. हे तिला मी कधी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

तिच्या आजीचं बोलली. आजी नावेवरच्या कंपनीत गायची, घाटाघाटाला खेळ लावत. त्यांच्यात मागून सांगणारा एक म्हातारा होता. एकदा चुकला, मालकानं त्याला त्याच घाटावर उतरवलं. वर्षभरात कंपनी बसली. "आजी म्हणायची, नटी गेली तर दुसरी मिळते. विंगेतलं माणूस गेलं की नाव बुडते."

मी म्हटलं, "पुढचा परिच्छेद वाच."

३० ऑगस्ट, बुधवार

कसं लिहू. सरळ लिहावं.

सभागृह भरलं होतं. आई असलेल्यांच्या छातीवर लाल गुलाब, नसलेल्यांच्या पांढरे. मीही पांढरा लावला होता. पहिला अंक उत्तम. मध्यंतरात वही मिटून चहा घेतला. परत येऊन उघडली. "दारात कोण उभं आहे?" — दुसऱ्या अंकातला वाड्याचा प्रवेश याच वाक्यानं सुरू होतो. बोट ठेवून पुढे सांगू लागले.

चौथ्या अंकातला प्रवेशही याच वाक्यानं सुरू होतो. म्हणून तर मी अंकाचा आकडा कोपऱ्यात लाल शाईनं घातलेला आहे. तो आकडा मला दिसला नाही. लाल काही दिसलंच नाही.

लुआ पायरीवर उभी. मी दिलं — "आई."

ती थबकली. अर्धा क्षण. विंगेकडे डोळे वळले. मी पुन्हा दिलं, जरा ठासूनच — "आई!"

आणि ती म्हणाली. "आई."

दोन अंक आधी! ताम पुतळ्यासारखा. धोबीण हातातली टोपली विसरली. मग तामच सावरला — "हिला ताप चढलाय! काहीही बरळते आहे! आत न्या हिला!" — आणि लोक हसले. पाचशे माणसं, छातीवर गुलाब लावून हसली. चिननं गिटार जोरात वाजवून कसंबसं ओढून नेलं.

चौथ्या अंकात लुआ तेच "आई" म्हणाली. जीव ओतून म्हणाली. कोणी रडलं नाही. आईच्या सणाला! मागून एक पोरगं ओरडलं, "पुन्हा ताप आला!"

पडदा पडल्यावर मी विंगेतून उठलेच नाही. वही मांडीवर. रंगपटात आरडाओरडा चालला होता. उठायचं, जायचं, सांगायचं — पान माझं चुकलं. पाच पावलं. मनाशी वाक्यही जुळवलं होतं. पण पाय उचलायला फार वेळ लावला. पाऊण तास तरी.

गेले तेव्हा सगळे एका कोपऱ्यात जमले होते. लुआच्या आरशाखालचा खण उघडा, आणि तामच्या तळहातावर दोन पिवळी फळं. थी!

कंपनीत थी आणत नाहीत. दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. ते दोन राजपुत्र, आम्हा नाटकवाल्यांचे मूळपुरुष, त्यांना या फळाच्या वासाचं वेड. वास आला की खेळायला येतात, आणि ते आले की नटांची जीभ वळते, बोलणी पुढची मागे होतात.

ताम लुआला म्हणाला, "तू आणलीस?"

"हो काका."

"चालत नाही हे माहीत नव्हतं?"

"विसरले."

ताम माझ्याकडे वळला. "बघा साउताई! मला वाटलंच. तुम्ही एवढ्या जवळ बसता, तुम्हाला वास नाही आला?"

मी म्हणाले, "नाही आला."

एवढंच म्हणाले. खरं होतं तेवढं.

३१ ऑगस्ट, गुरुवार

निकाल लागला. चांद्र आठव्या महिन्याच्या बाराव्या तिथीला मूळपुरुषांची पूजा, तोवर लुआनं रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही. पूजेला नाणी टाकून विचारायचं. तीनदा. एक छाप, एक काटा पडला तर राहायचं. तिन्ही वेळा दोन्ही सारखी पडली तर घरी.

मी वाङ्मयाची पदवीधर. एकोणीसशे ब्याऐंशी, कान थो विद्यापीठ. पाच वर्षं शाळेत शिकवलं. फळाच्या वासानं माणूस विसरत नाही, तालीम कमी पडली की विसरतो — हे मी या कंपनीला छत्तीस वर्षं ऐकवत आले. काल ऐकवायची वेळ होती.

एका गोष्टीचं नवल वाटतं. आजी नावेवरच्या कंपनीतली. ही पोरगी रंगाच्या डब्यांत वाढली. थी आणायची नाही हे विसरली?

असो. विसरली म्हणूनच मी वाचले. लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही.

३ सप्टेंबर, रविवार

लुआ कपडेपटात बसून दरबारी झग्यांच्या कॉलरवरचा रंग घासते. समोरून गेले तर उठून उभी राहिली. "जेवलात, आत्या?"

चिन चहाच्या टपरीवर भेटला. बर्फ चावत म्हणाला, "साउताई, परवा तुम्ही आतून काय सांगितलंत ते मला काही ऐकू आलं नाही बरं का. कान गेले माझे." अन् हसला नाही. एरवी श्वास घेतल्यासारखा हसतो तो.

कान गेले म्हणे. शेजारच्या गल्लीतली तार उतरली तरी कळते त्याला.

४ सप्टेंबर, सोमवार

सांगायला निघाले होते. तामच्या दारापर्यंत गेले. आत तो कोणाला तरी फोनवर अभिमानानं सांगत होता — "आमच्याकडे साउताई आहेत, पुस्तक चुकेल, त्या चुकायच्या नाहीत."

परत आले.

१२ सप्टेंबर, मंगळवार

एकटीच बसनं कान थोला जाऊन आले. घरी सांगितलं, पुस्तकं घ्यायला जाते.

डॉक्टरीण माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. दोन्ही डोळ्यांत उजेड मारून म्हणाली, "मोतीबिंदू पिकलाय, आजी. उजवा तर पुरता. काय काम करता?"

"वाचते."

"अशा डोळ्यांनी? किती दिवस?"

बसमध्ये परतताना उत्तर सुचलं. वाचत नव्हतेच मी. आठवत होते. वर्षभर तरी वही नुसती मांडीवर होती — कोणाला दाखवायला? मलाच.

डॉक्टरीण म्हणाली, वीस मिनिटांचं काम आहे, दिसेल. लख्ख दिसेल. दोन महिन्यांपूर्वी आल्या असतात तरी हेच सांगितलं असतं.

दोन महिन्यांपूर्वी!

२० सप्टेंबर, बुधवार

पूजेनंतरच्या खेळासाठी तालीम सुरू. लुआच्या जागी तामची भाची. आवाज गोड, श्वास आखूड. शेवटच्या स्वरापर्यंत पोचायच्या आधीच दम संपतो आणि ती मान वाकडी करून वेळ मारून नेते. लोक मानेला टाळी देत नाहीत.

वाड्याचा प्रवेश आला. "दारात कोण उभं आहे?" दुसरा की चौथा? वही डोळ्यांना चिकटवली तरी कोपरा धुकट.

मागून एक बोट आलं आणि ओळीवर टेकलं. बरोबर ओळीवर. साबणाचा वास, नखाखाली लाल रंग.

वळून पाहिलं नाही. सांगत गेले. प्रवेश संपेपर्यंत बोट ओळीबरोबर सरकत होतं — सावकाश, ओठ हलवत वाचणाऱ्या माणसाचं बोट. नंतर पाहिलं तर विंगेत कोणी नव्हतं.

म्हणजे तिला कळलंय. माझ्या डोळ्यांचं कळलंय. आणि त्या दिवसाचं?

तिनं मान वर करून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर, सोमवार

उद्या सांगायचं. सगळ्यांसमोर, मूळपुरुषांसमोर. आधी एकट्या तामला सांगायचा विचार होता. नको. तिला सगळ्यांसमोर शिक्षा झाली.

छत्तीस वर्षं त्या स्टुलावर बसले. उद्यापासून कदाचित नाही. नसले तर शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेईन. मुलांना तरी ओरडलेलं कळतं.

पांढरा आओ बा बा इस्त्री करून ठेवला. नको, जांभळा घालते. पांढऱ्यात शोक केल्यासारखं दिसेल.

२६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी नऊला पूजा. देव्हाऱ्यावर भाजलेलं डुक्कर, तोंडात लाल फूल. झेंडू, उदबत्त्या, बशीत दोन जुनी नाणी. सगळी कंपनी रंग न लावता — कोण किती म्हातारं झालंय ते आजच्याच दिवशी दिसतं. मला तेही धूसरच.

तामनं तिघा-चौघांची गाऱ्हाणी सांगून झाल्यावर लुआला पुढे बसवलं. नाणी टाकली. दोन्ही छाप. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. पुन्हा टाकली. दोन्ही काटा. चिनच्या बायकोनं तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. ताम बशी हलवू लागला. टाकायला वेळ लावत होता. वाईट माणूस नाही तो.

मी उठले. "थांब."

"साउताई, मध्ये बोलू नये—"

"छत्तीस वर्षं मध्येच बोलते मी. ऐक. ती चुकली नाही. पान माझं चुकलं. चौथ्या अंकातलं वाक्य मी दुसऱ्यात दिलं. ती थांबली होती. तिला कळलं होतं. मी दुसऱ्यांदा दिलं, दरडावून दिलं. आणि मीच तिला शिकवलंय, विंगेतून येईल ते बोलायचं. तिनं ऐकलं. माझे डोळे गेलेत. मी लपवलं. राजपुत्रांना यात ओढू नका."

मग लुआ — माझ्यापेक्षा मोठ्यानं! "आत्या, बसा खाली! फळं मीच आणली होती!"

"फळं आणलीस. चूक नाही केलीस."

"तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही बसा ना!" रडत होती आणि ओरडत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. फेक चांगली होती.

ताम एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी चिन म्हणाला, "अहो मालक, फळही होतं, पानही उलटलं. दोघींना नमस्कार करायला लावा आणि नाणी टाका. डुक्कर गार होतंय."

गुडघे टेकले. लुआच्या शेजारी. कपाळ चटईला लावलं आणि तिचा हात माझ्या खांद्याखाली आला, उठवायला.

तामनं नाणी टाकली. एक छाप. एक काटा.

एवढा जल्लोष, जसं काही युद्ध जिंकलं! दोन नाण्यांत असं पडायची शक्यता निम्मी असते, मी शाळेत शिकवलंय. तरी डोळे पुसले. मोतीबिंदूचं पाणी येतं तसं.

डुक्कर वाढताना तामला म्हटलं, "स्टूल दुसऱ्या कोणाला दे." तो कुरकुरीत कातडीचा मोठा तुकडा माझ्या वाडग्यात टाकत म्हणाला, "डोळे नीट करून या. तोवर खेळ नाही. विंग रिकामी ठेवून मी पडदा उघडत नसतो." मग हळूच — "मला सांगायचं होतंत हो, ताई. दिवा कशाला बदलायला लावलात? गुडघा अजून दुखतोय."

५ ऑक्टोबर, गुरुवार

उजवा डोळा झाला. पट्टी आहे. हे एका डोळ्यानं, अंदाजानं लिहिलं. लुआ बरोबर आली होती. वॉर्डात बाकीच्या आज्यांना गाऊन दाखवलं. नर्सनं दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा ऐकत उभी राहिली.

९ ऑक्टोबर, सोमवार

लाल दिसतं!

लुआच्या हनुवटीवर तीळ आहे. दोन वर्षं मला तो रंगाचा डाग वाटायचा. "धुऊन ये" म्हणून कितीदा पाठवलं असेल! दर वेळी जायची आणि धुऊन यायची. एकदाही बोलली नाही.

वही उघडली. कोपऱ्यातला चार केवढा मोठा काढलाय मी! लांबून दिसतो.

२२ तारखेला तेच नाटक. लुआच.

१४ ऑक्टोबर, शनिवार

नदीच्या घाटावर बाजारात गेले. सगळ्यांचे चेहरे इतके स्पष्ट की कोणाकडे बघावं कळेना. येताना नाट्यगृहासमोरच्या फळवालीच्या टोपलीत हंगामातली शेवटची थी होती. रंग बघत उभी राहिले — असा पिवळा असतो तर!

फळवाली म्हणाली, "घेता का, बाई? पण तुमच्यात चालत नाही ना? ती तुमची पोरगी बरी घेऊन गेली आईच्या सणाला. तोंडभर रंग, डोक्यावर खोटा अंबाडा, राणीचा झगा दोन्ही हातांनी वर धरून धावत आली. मी म्हटलं, अगं, चालत नाही ना तुमच्यात? म्हणाली, आज चालतं!"

मी विचारलं, "खेळाच्या आधी?"

"आधी कुठली! तुमचा खेळ सुटला होता. लोक हसत बाहेर पडत होते."